घरच्या हातांची किंमत
(एका कागदी ऑनलाइन दुकानाचा जमाखर्च)

संक्रांतीचा काटेरी हलवा, चैत्रगौरीपुढील आरास, गणपतीचें मखर, मुंजींतील आहेराचीं पाकिटें, रुखवतांतील कागदी फुलांचे गुच्छ, हें सारें आपल्या घरांतून पूर्वापार होत आलें आहे. दुपारचीं जेवणें उरकलीं, स्वयंपाकघर आवरलें, कीं कात्री, खळ व रंगीत कागद घेऊन घरांतील बायका माजघरांत बसत. पाहुण्यांनीं "वा, काय सुरेख हात आहे!" असें म्हटलें कीं कामाचें चीज झालें. त्या कामास किती तास लागले, हें कोणी विचारीत नसे. विचारण्याचें कारणहि नव्हतें, कारण त्या वस्तु विकावयाच्या नव्हत्या.

परंतु त्याच वस्तु विकावयास काढल्या म्हणजे काय होतें? आमच्या घरीं पांचांहून अधिक वर्षें कागदी वस्तूंचें एक लहानसें ऑनलाइन दुकान चालूं आहे. असल्या दुकानांविषयीं हल्लीं पुष्कळ घरांत बोलणें निघतें, आणि "घरबसल्या चार पैसे मिळतील" असा सल्लाहि सढळपणें दिला जातो. ते चार पैसे कसे मिळतात, कोणास मिळतात, आणि कित्येकदां कां मिळत नाहींत, हें आमच्या जमाखर्चाच्या वहीवरून वाचकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दुकान कसें निघालें

२०२० सालच्या टाळेबंदींत सारें घर घरांतच होतें. आमच्या मातोश्रींनीं, तेव्हां त्यांस सत्तरावें वर्ष चालूं होतें, जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर कुयरी व शंख रंगवून आहेराचीं पाकिटें केलीं. पुतणीनें त्यांचें छायाचित्र मोबाइलवर ओळखीच्या मंडळींस पाठविलें, आणि आठ दिवसांत तीन ठिकाणांहून विचारणा आली: "हीं विकत मिळतील काय?" येथें दुकानाचा जन्म झाला. भाड्याचा गाळा नको, फळी नको, पाटी नको. छायाचित्र, वर्णन व किंमत लावली कीं दुकान उघडलें. गिऱ्हाइकानें मोबाइलवरूनच पैसे भरावे आणि आम्हीं टपालानें माल धाडावा.

कामाची वांटणी आपोआप झाली. रंगविण्याचें काम मातोश्रींकडे, घडी व चिकटकाम थोरल्या वहिनींकडे, छायाचित्रें, पत्रव्यवहार व थोडें घडीकाम पुतणीकडे, आणि जमाखर्च आमच्याकडे. आम्हीं सारी हयात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यांत घालविली असल्यामुळें हें काम आमच्याकडे यावें यांत नवल नव्हतें. नवल याचें कीं, दीड वर्षपर्यंत आमच्या वहींत एक मोठी चूक राहिली आणि ती आम्हांस दिसली नाहीं.

सहाशें पाकिटांची ऑर्डर

२०२१ सालच्या दिवाळीनंतर लग्नसराईच्या तोंडावर एका व्यापाऱ्यानें सहाशें पाकिटांची मागणी केली. दर पाकिटास १८ रुपये, मुदत वीस दिवसांची. घरांत आनंदीआनंद झाला. आमचे थोरले बंधु म्हणाले, "घ्या, नांव होईल." मातोश्री म्हणाल्या, "नाहीं तरी दुपारीं आमचे हात रिकामेच असतात." आम्हीं होकार कळविला.

एका पाकिटास वीस मिनिटें लागतात, म्हणजे सहाशांस दोनशें तास झाले. वीस दिवसांत दोनशें तास म्हणजे रोज दहा तास, तेहि तिघींनीं स्वयंपाकपाणी, पूजाअर्चा व येणेंजाणें सांभाळून! ही साधी त्रैराशिकाची बाब होय, पण होकार देण्यापूर्वीं ती आम्हीं मांडली नाहीं. रात्रीं बारा-बारा वाजेपर्यंत दिवा जळूं लागला. चौदाव्या दिवशीं मातोश्रींच्या उजव्या हाताचा अंगठा सुजला. तरी बोटास फडकें गुंडाळून त्यांनीं काम पुरें केलें. डॉक्टरांकडे माल गेल्यावरच गेल्या, आणि मग दीड महिना अंगठ्यास पट्टी होती.

व्यापाऱ्यानें साठ पाकिटें "रंग सारखा नाहीं" म्हणून मजुरा घातलीं व उरलेल्या ५४० पाकिटांचे ९,७२० रुपये चार महिन्यांनीं दिले. सामानास ५,४०० रुपये लागले होते. उरले ४,३२०. ते समाईक खर्चांत जमा झाले, त्यांतून विजेचें बिल भरलें गेलें, आणि आम्हीं वहींत समाधानानें "नफा" असें लिहिलें.

त्या दिवशीं पुतणी वही चाळीत होती. तिनें सहज विचारलें, "काका, यांत आजीच्या हातांचे किती?"

आम्ही उत्तर देऊं शकलों नाहीं. वहींत कागदास रकाना होता, रंगास होता, दोऱ्यास होता, टपालास होता. हातांस रकानाच नव्हता.

चुकलेला रकाना

त्या रात्रीं आम्हीं वही नव्यानें मांडली. ४,३२० रुपयांस दोनशें तासांनीं भागिलें. ताशीं २१ रुपये ६० पैसे पडले. व्यापाऱ्याचा आम्हांस फार राग आला. परंतु आमचें स्वतःचें दुकान तरी काय देत होतें, हें पाहावें म्हणून पांच पाकिटांच्या एका संचाचा हिशेब केला. तो असा:

कागद ३५ रुपये; रंग, दोरा व गोंद १०; खोका व आवरण १५; टपाल ५०; ज्या ऑनलाइन पेठेंत आमचें दुकान आहे तिचें कमिशन शेंकडा दहा प्रमाणें १५. एकूण १२५. आमची किंमत १५० रुपये, टपालासह. उरले २५. त्या संचास रंगविणें, घडी घालणें, छायाचित्र, बांधणी मिळून लागणारा वेळ दोन तास. म्हणजे ताशीं साडेबारा रुपये!

व्यापाऱ्यानें आम्हांस लुबाडलें असें आम्ही समजत होतों. पण त्याहून अधिक आम्ही स्वतःच स्वतःस, अथवा खरें बोलावयाचें तर आमच्या घरच्या बायकांस, लुबाडीत होतों. आमच्या येथें भांडीं घासण्यास येणाऱ्या बाईंस कोणी ताशीं साडेबारा रुपये देऊं केले असते तर त्यांनीं उंबऱ्यांत पाऊल टाकलें नसतें, आणि तें योग्यच झालें असतें. मग जें परक्या बाईंस देण्यास आम्हांस लाज वाटली असती, तें स्वतःच्या आईस देतांना कां वाटली नाहीं? कारण तिच्या वेळेस आम्हीं "रिकामा" असें नांव देऊन ठेविलें होतें. रिकाम्या वेळेची किंमत शून्य, आणि शून्यानें कितीहि तास गुणिले तरी उत्तर शून्यच.

किंमत वाढविली तेव्हां

आम्हीं हाताचा दर ताशीं १०० रुपये ठरविला. कागद ३५, इतर सामान १०, आवरण १५, वाढलेल्या किंमतीवरील कमिशन ३०, हात २०० आणि नासधुशीसाठीं १०, मिळून ३०० रुपये, टपाल वेगळें. एका दिवसांत किंमत दुप्पट झाली.

परिणाम अपेक्षेप्रमाणेंच झाला. पूर्वीं महिन्यास सुमारें साठ संच जात. पहिल्या महिन्यांत अकरा गेले, दुसऱ्यांत नऊ, तिसऱ्यांत चौदा. जुन्या गिऱ्हाइकांपैकीं कांहींनीं "एवढें महाग कां?" म्हणून लिहिलें. बंधु म्हणाले, "दुकान बुडविलेंत." या तीन महिन्यांत किंमत पुन्हां उतरविण्याचा मोह आम्हांस अनेकदां झाला. परंतु गिऱ्हाइकाचा प्रश्न अन्यायाचा नव्हता. महाग कां, हें आम्हीं त्यास कधीं सांगितलेंच नव्हतें. तें सांगावयाचें म्हणजे प्रथम कागदाविषयीं बोललें पाहिजे.

आम्ही वापरतों तो हातकागद. पुण्यांत १९४० सालीं स्थापन झालेली हातकागद संस्था शिवाजीनगरांत आहे; तिच्यामुळें पुणेकरांस हा कागद परका नाहीं. सुती कापडाच्या कातरणाचे बारीक तुकडे करून पाण्यांत कुटावयाचे, त्यांचा लगदा चाळणीवर उचलावयाचा, दाबून पाणी काढावयाचें, ताव वाळवावयाचा, मग घोटावयाचा. यास झाड तोडावें लागत नाहीं, आणि कापसाचे तंतु लांब असल्यामुळें घडीवर कागद फाटत नाहीं. लांकडाच्या कच्च्या लगद्यापासून झालेला स्वस्त कागद त्यांतील लिग्निन या द्रव्यामुळें उजेडांत पिवळा पडतो व कालांतरानें ठिसूळ होतो. वर्तमानपत्र चार दिवस उन्हांत राहिलें तरी याचें प्रत्यंतर येतें.

महाराष्ट्रास ही विद्या नवी नाहीं. जुन्नरचा कागद एके काळीं प्रसिद्ध होता. दौलताबादेजवळील कागझीपुऱ्याची परंपरा तर महंमद तुघलकानें राजधानी तेथें नेली त्या चौदाव्या शतकापर्यंत मागें नेतात. आपल्या वाडवडिलांच्या पोथ्या व जमाखर्च ज्या कागदावर आहेत, तो पुष्कळसा कागझी मुसलमान कारागिरांच्या हातचा होय. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील मोडी कागद दोनशें वर्षांनंतरहि वाचतां येतात, याचें श्रेय लेखकाच्या बोरूइतकेंच त्या अनामिक हातांस आहे. त्यांचा तासहि कोणी मोजला नव्हता!

तेव्हां पुतणीनें दुकानावरील वर्णन बदललें. "सुंदर, आकर्षक, मनमोहक" हीं विशेषणें काढून टाकलीं व त्यांच्या जागीं कागद कशाचा, रंग कोणता, लांबीरुंदी किती, आणि एका पाकिटास हाताचा वेळ किती, एवढेंच लिहिलें. एका छायाचित्रांत मातोश्रींचा रंगवीत असलेला हात आला. हळूहळू निराळें गिऱ्हाईक येऊं लागलें. हल्लीं महिन्यास सरासरी बत्तीस संच जातात. पूर्वीं साठ संचांस १२० तास लागत व हातीं १,५०० रुपये येत. आतां ६४ तास लागतात व ६,४०० रुपये येतात. यावर संसार चालत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु रात्रीं दहानंतर आमच्या घरीं कात्री चालत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

पैसा कोणाचा?

रकाना भरला, तरी दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि तो एकत्र कुटुंबांत अधिक नाजूक असतो. हातांचे दोनशें रुपये जावयाचे कोठें? आमचें मत असें पडलें कीं जिचे हात तिच्या नांवें. बंधूंस हें रुचलें नाहीं. "घरांत तुझें-माझें आणूं नका," असें ते म्हणाले. त्यांचें म्हणणें उडवून लावण्यासारखें नव्हतें. समाईक चूल अशाच संकोचावर टिकून राहिलेली असते.

परंतु विचार करतां असें दिसलें कीं, बंधूंचा पगार प्रथम त्यांच्या नांवें जमा होई व मग त्यांतून ते घरांत देत, आमचेंहि तसेंच. त्यास कधीं कोणी तुझें-माझें म्हटलें नाहीं. जें आपलें आहे तेंच देतां येतें. ज्याचें कांहींच नाहीं त्याच्या देण्यास आपण औदार्य म्हणत नाहीं, गृहीत धरतों.

हा प्रश्न आमच्याच घरांतला नव्हे. तो फार जुना आहे. कात्यायनस्मृतींत स्त्रीधनाचा विचार करतांना, स्त्रीनें शिल्पानें म्हणजे हस्तकौशल्यानें मिळविलेल्या आणि परक्यानें प्रीतीनें दिलेल्या धनावर पतीची सत्ता सांगितली आहे. बाकीचें तें स्त्रीधन. माहेरून आलेलें तिचें, पण स्वतःच्या बोटांनीं मिळविलेलें मात्र तिचें नव्हे! १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमानें ही गोष्ट उलट केली; स्वतःच्या कौशल्यानें वा श्रमानें मिळविलेली मालमत्ता स्त्रीची पूर्ण मालकीची, असें त्यांत स्पष्ट आहे. कायदा होऊन इतकीं वर्षें लोटलीं, तरी आमची वही त्या दिवसापर्यंत कात्यायनाच्याच मतानें चालली होती, हें कबूल करण्यावांचून गत्यंतर नाहीं.

मातोश्रींचें बँकेंत स्वतंत्र खातें असें नव्हतेंच. होतें तें वडिलांबरोबर जोडखातें. पुतणीनें त्यांचें खातें उघडून दिलें. पहिल्या महिन्याचे २,१०० रुपये जमा झाले तेव्हां मातोश्रींनीं पासबुक दोनदां वाचलें व देवघराच्या फडताळांत ठेविलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पण वहिनींनींहि दुसऱ्याच दिवशीं आपल्या खात्याचा क्रमांक आम्हांस आणून दिला.

नवख्यांसाठीं चार गोष्टी

ज्यांस असें दुकान काढावयाचें असेल त्यांच्यासाठीं अनुभवाच्या चार गोष्टी येथें लिहितों.

पहिली गोष्ट पावसाळ्याची. कागद हवेंतील ओल शोषतो. पहिल्या आषाढांत आमचीं चाळीस पाकिटें पापडासारखीं वळलीं, आणि पिठाच्या खळीमुळें कसर लागली ती निराळीच. तेव्हांपासून घरगुती खळ बंद करून पांढरा तयार गोंद वापरतों. झालेला माल दोन पुठ्ठ्यांमध्यें वजनाखालीं सपाट ठेवतों. पेटींत ओल शोषणाऱ्या पुड्या घालतों. आणि खोक्याच्या आंत प्लॅस्टिकची पिशवी असल्यावांचून पार्सल बाहेर पडत नाहीं.

दुसरी छायाचित्राची. सकाळच्या वेळीं खिडकीजवळ, ऊन अंगावर न घेतां व दिवा न लावतां काढलेलें छायाचित्र रंगास प्रामाणिक राहतें. वस्तूशेजारीं हात किंवा वही ठेवावी, म्हणजे आकाराचा भ्रम होत नाहीं. परत आलेल्या मालापैकीं बहुतेक "चित्रांत मोठें दिसलें होतें" याच कारणानें परत आला होता.

तिसरी सरकारी नोंदणीची. ऑनलाइन पेठेंतून माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यांवर पूर्वीं जीएसटी नोंदणीची सक्ती असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून, ज्यांची उलाढाल ठरीव मर्यादेच्या आंत आहे व जे आपल्याच राज्यांत विक्री करतात, त्यांस या सक्तींतून सूट मिळाली. परराज्यांत माल धाडावयाचा असल्यास नियम निराळे आहेत; ते प्रथम जाणकारास विचारून घ्यावे.

चौथी परदेशची. आमच्या घडीच्या आकाशकंदिलांस अमेरिकेंतील मराठी मंडळींकडून मागणी येई. २०२५ च्या ऑगस्टअखेर तेथील जकातीचे नियम बदलल्यामुळें आपल्या टपालखात्यानें तिकडील पार्सलें थांबविलीं. तीं ऑक्टोबरच्या मध्यास पुन्हां सुरू झालीं, तोंवर दिवाळी चार-पांच दिवसांवर आली होती. तयार कंदील घरींच राहिले. सणाचा माल एकाच वाटेवर व एकाच गांवच्या गिऱ्हाइकाच्या भरंवशावर करूं नये, हें त्यावरून शिकलों.

आतां एक अखेरचें. आमच्या घरीं असा नियम आहे कीं, प्रत्येक वस्तूच्या मागील कोपऱ्यांत तीस लागलेला वेळ पेन्सिलीनें लिहावा. विकतांना तो खोडावा. गेल्या पाडव्यास मातोश्रींनीं पुतणीच्या हातीं एक पाकीट ठेविलें. आंत ५०१ रुपये होते, त्यांच्या स्वतःच्या खात्यांतले. पाकिटावर केवड्याचें पान रंगविलें होतें, आणि मागें कोपऱ्यांत बारीक अक्षरांत "५० मिनिटें" असें लिहिलें होतें. पुतणीनें तें खोडलें नाहीं.

वाचकांच्या घरींहि असे हात असतील. ते दुकानासाठीं चालोत वा केवळ गणपतीच्या मखरासाठीं चालोत, त्यांचा पैसा करावाच असें आमचें म्हणणें नाहीं. पण त्यांस किती वेळ लागला, हें एकदां तरी विचारावें. वहींत एक रकाना वाढविण्यास फारसा कागद लागत नाहीं.